शब्दाचं शेपूट

डॉक्टर लोक शब्दाचं डोकं खातात. दिवसभराचे पेशंट संपवून, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन धरून ते आपले रिपोर्ट घाईघाईने बोलून ठेवतात, आणि हेडफोन लावून ते ऐकायचे नि टाइप करायचे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शब्दाची सुरुवात जांभईत जाते, मधला भाग लिफ्टच्या दारात अडकतो आणि माझ्या कानापर्यंत धड पोहोचतं ते फक्त शेपूट. सुदैवाने या इंग्रजी शब्दांची शेपटं मोठी गुणाची असतात. मागे ‘आयटिस’ आलं की समजायचं, सूज. ‘अल्जिया’ आलं की दुखणं. ‘स्कोपी’ म्हणजे नळी घालून आत डोकावणं. ‘ओटॉमी’ म्हणजे चीर देणं, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे चीर देऊन तिथे वाट उघडी ठेवणं, आणि ‘एक्टॉमी’ म्हणजे काढूनच टाकणं. शेपूट हातात आलं की जनावर कुठल्या जातीचं ते कळतं, मग डोकं मागचंपुढचं ऐकून लावता येतं.

नाहीच लागलं, तर आमच्या ऑफिसात एकच नियम आहे. जागा मोकळी सोडायची आणि रिपोर्ट डॉक्टरकडे परत पाठवायचा. नव्याने आलेल्या मुलींना आमच्या मुख्य बाई पहिल्याच दिवशी दम भरतात, “अंदाजाने शब्द भरायचा नाही. माणसाच्या पोटातून काय काढलं ते आपण ठरवायचं नसतं.” मी तशी कोणाचं ऐकणारी नाही, पण हा नियम मात्र मी आजवर मोडलेला नाही.

माझ्या या विद्येची घरात भरपूर टिंगल व्हायची. माझ्या भावाला, म्हणजे दादाला, ‘मोबाइलायटिस’ होता. आईला ‘काळजायटिस’ जन्मापासूनचा. वहिनी आली की आमच्या घरातल्या जुन्या वस्तू पटापट बाहेर काढायची, त्याला बाबांनी नाव दिलं होतं ‘पसारेक्टॉमी’. आणि ‘मेगाली’ म्हणजे एखादा अवयव नको इतका मोठा होणं, हे मी सांगितल्यावर दादाने बाबांचं निदान जागच्या जागी करून टाकलं, ‘भोंगोमेगाली’.

बाबांना भोंगा हे नाव स्टँडवरच्या लोकांनी दिलेलं. बाबा बस स्टँडवर घोषणा करायचे. काचेच्या एका लहानशा खोलीत, समोर गाड्यांच्या वेळा आणि हाताशी माइक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठलीला उशीर आहे, कुठल्या बाईची पिशवी बाकावर राहिली, हे सगळं ते अख्ख्या नोकरीभर सांगत आले. काय आवाज होता! गाडी चुकलेल्या माणसालाही त्या आवाजात दोष ऐकू यायचा नाही. हरवलेलं पोर काचेच्या खोलीत आणून बसवलं की बाबा माइकवर त्याच्या सदऱ्याचा रंग असा सांगायचे, की त्याची आई धावत यायच्या आधीच पोराचं रडू थांबलेलं असायचं. हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय.

तोच गळा घरी आला की मात्र निम्मे शब्द वाटेत टाकून यायचा. “चहा!” “टॉवेल!” “चष्मा कुठाय?” “आवाज बंद करा तो!” सगळी साखर स्टँडवर वाटून झाल्यावर घरी रिकामा डबा आणावा, तसं. आई त्यावर “हं” म्हणायची. आईच्या ‘हं’चे प्रकार मला पाठ आहेत. एक होकाराचा, एक नकाराचा, एक ‘बघू’चा, आणि एक असा की ज्याचा अर्थ आजतागायत लागलेला नाही. बाबांसमोर ती सलग मोठं काही बोलल्याचं मला आठवत नाही. बाबा एकटेच दोघांचं बोलायचे. माझ्या नाकावरचा राग बाबांचा आहे, हे सगळे म्हणतात. आईचं माझ्यात काय आलं ते अजून कोणाला सापडलेलं नाही.

बाबा निवृत्त झाले आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा आवाज बसला. आधी कोणी लक्ष दिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून ‘लॅरिंजायटिस’ सांगितलं. म्हणजे स्वरयंत्राला सूज. शेपूट ओळखीचं, घरोब्याचं. आम्ही निश्चिंत झालो. गरम पाण्याच्या गुळण्या, वाफ, बोलणं कमी. पहिली दोन बाबांनी केली, तिसरं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

सूज काही उतरेना. मग मोठ्या हॉस्पिटलात ‘स्कोपी’ झाली, आणि तिथल्या डॉक्टर बाईंनी आत कुठलासा तुकडा खुडून तपासायला पाठवला. त्या संध्याकाळी बाबा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

“मला शेपटं शिकव,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“कशाला?”

“माझ्यासमोर लोक इंग्रजीत कुजबुजायला लागलेत. आयुष्यभर सगळ्या गावाला मी सांगितलं कुठली गाडी कुठे चाललीय. आता माझी गाडी कुठे चाललीय ते मला नको कळायला?”

मग आमची शाळा सुरू झाली. स्वयंपाकघरातल्याच टेबलावर, कारण ऑफिसचं काम मी घरूनही करते आणि माझं टेबल तिथेच असतं. बाबा एकेक शेपूट मोठ्याने म्हणायचे, अगदी माइकवर म्हटल्यासारखं, आणि मग अर्थ. आई मागे ओट्याशी काही ना काही करत असायची. शिकणाऱ्याला इतका आनंद होतो हे मी विसरूनच गेले होते. औषधांच्या खोक्यांवर, हॉस्पिटलच्या पाट्यांवर, जिथे मिळेल तिथे बाबा शेपटं पकडायला लागले. कार्डिऑलॉजी, न्यूरॉलॉजी, पॅथॉलॉजी असे फलक ओळीने लावलेल्या बोळातून जाताना ते म्हणाले, “सगळ्या गाड्या लॉजीलाच जाणाऱ्या दिसतात इथे.” लॉजी म्हणजे शास्त्र, मी सांगितलं. “हो, पण उतरायचं कुठे?” ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

‘ओमा’ मी त्यांना जरा उशिराच शिकवलं. ओमा म्हणजे गाठ.

“सगळ्या वाईट?” त्यांनी विचारलं.

“छे! वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांच्या पाठीवर आहे ना, तो लायपोमा. लायपो म्हणजे चरबी. ती गाठ कोणाचं काही वाकडं करत नाही.”

“आणि कोमा?”

“ते शेपूट नुसतं तसं दिसतं. जनावर निराळं आहे.”

बाबांनी मान डोलावली. “म्हणजे या एका शेपटाला डोकंही बघावं लागतं.”

तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही चौघं गेलो. डॉक्टर बाईंकडे आमचा नंबर यायला वेळ होता, आणि खिडकीतल्या माणसाने कागद आधीच दादाच्या हातात दिला होता. दादाने मला बोळाच्या टोकाला नेलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“हे बघ, त्यांना आत्ता सूजच सांग,” तो म्हणाला. “आयटिस म्हण. आईसाठी तरी.”

मी दादावर भडकले. खरं तर माझ्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता, म्हणूनच जास्त भडकले. आमची कुजबुज चालू असताना बाबा मागून आले आणि त्यांनी दादाच्या हातातला कागद घेतला. चष्मा लावला. ओळीखाली बोट फिरवत ते सावकाश वाचत गेले, आणि बोट थांबलं.

“ओमा,” ते म्हणाले.

मग बोट शब्दाच्या सुरुवातीकडे मागे सरकलं.

“डोकं लायपो नाही हे.”

“नाही बाबा.”

“मग?”

“वाईट आहे,” मी म्हटलं. “कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर.” माझा आवाज फुटला, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

बाबांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि बाकावर बसलेल्या आईसमोर जाऊन उभे राहिले. “अगं, गाठ आहे. कॅन्सरची आहे. आता आत जाऊन पुढचं विचारू.” आणि हे सगळं त्यांनी काचेच्या खोलीतल्या आवाजात सांगितलं. घोगरा झालेला, पण तोच. आई म्हणाली, “हं.”

डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गाठ स्वरयंत्रात आहे आणि बाजूच्या कूर्चेपर्यंत, म्हणजे मऊ हाडापर्यंत, पोहोचलीय. त्यांचा सल्ला लॅरिंजेक्टॉमीचा, म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढण्याचा. श्वासासाठी गळ्याला पुढून कायमचं भोक राहील. नाकातोंडाने श्वास घेणं संपलं, आणि आज बोलताय तसं बोलणंही संपलं. पुढे उपकरण लावून, शिकून, वेगळ्या तऱ्हेचं बोलता येतं. दुसरा मार्ग, नुसती किरणं आणि औषधं. त्यात आवाज राहील, पण या गाठीचा तेवढ्याने बंदोबस्त होईल याचा त्यांना भरवसा वाटत नव्हता.

बाबा पुढे सरकून बसले. भाजीवाल्याशी बोलावं तसे त्यांनी हात पुढे केले. “डॉक्टर, एक विचारू? ओटॉमीवर नाही भागणार? चीर द्या, उघडा, गाठ तेवढी उचला, शिवून टाका. एक्टॉमी कशाला?”

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

“ओटॉमी म्हणजे दार उघडणं,” त्या म्हणाल्या. “तुमची गाठ दारात उभी नाही. ती भिंतीत गेलीय. भिंत ठेवून ती काढता येत नाही मला.”

“ऑस्टॉमी तर होणारच आहे म्हणता. तेवढीच करा.”

“तेवढ्याने श्वास चालेल. गाठ वाढतच राहील.”

बाबांची सगळी शेपटं संपली.  शेवटी म्हणाले, “विचार करून सांगतो.”

“फार लांबवू नका,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

घरी विचार म्हणजे भांडण. दादा रोज संध्याकाळी यायचा आणि तेच तेच सांगायचा. बाबा किरणांवर अडून बसले. त्यांचं म्हणणं एकच, “आवाज गेल्यावर मी उरतो किती? मला दुसरं येतं काय? साधा खिळा ठोकता येत नाही मला.” हे खरं होतं. आमच्या घरातले सगळे खिळे आईने ठोकलेले आहेत.

मग एके दिवशी दादा सकाळीच आलेला असताना त्यांनी जाहीर केलं की आज दिवसभर मी बोलणार नाही, सराव करून बघतो. जमलं तर ऑपरेशन, नाही तर नाही. आम्ही कामाला लागलो. बाबा टेबलाशी बसून खुणा करायला लागले. चहासाठी कपाची खूण, पेपरसाठी दोन्ही हात पसरायची. चष्म्याची खूण करताना तर चष्मा डोळ्यांवरच होता. तेवढ्यात गॅसवरचं दूध चढलं. बाबांनी टेबलावर हात आपटला, उठले, आणि सगळी शक्ती एकवटून ओरडले, “दूध!”

घोगरं का होईना, पण घर दणाणलं. दूध भांड्याच्या काठापर्यंत आलं आणि खाली बसलं.

“बघितलंत?” बाबा विजयी मुद्रेने म्हणाले. “आवाज नसता तर?”

“तर मी गॅस बंद केला असता,” आई म्हणाली. “आत्ताही मीच केला. मी इथेच उभी आहे.”

मला हसू आवरेना. बाबांना मात्र ते लागलं. ते पुन्हा सुरू झाले, आवाज नसला तर हे, आवाज नसला तर ते, फोनवर काय करू, रस्त्यात कोणी हाक मारली तर काय करू. ऐकता ऐकता माझं डोकं फिरलं.

“आवाज, आवाज!” मी ओरडले. “कोणाला कौतुक सांगताय त्या आवाजाचं? घरी कधी आणलात तो? सगळा तिकडे परक्या लोकांना वाटून यायचात. आम्हाला काय मिळालं? टॉवेल आणि चष्मा!”

 त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आला नाही. ते उठून आतल्या खोलीत गेले. दादा म्हणाला, “काय गरज होती?” मी म्हटलं, “होती,” आणि हेडफोन कानाला लावले. कुठल्याशा डॉक्टरांचा गुडघ्याचा रिपोर्ट होता. मी त्यातल्या सोप्या सोप्या शब्दांनाही जागा मोकळ्या सोडत गेले, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि पडदा दिसत नव्हता.

डॉक्टर बाईंनी दिलेली मुदत संपत आली तेव्हा आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, “काय ठरलं?”

बाबा माझ्याकडे वळले. त्या भांडणानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. आता एकदम म्हणाले, “हिला विचारा. हिला या शब्दांतलं कळतं. ही म्हणेल ते.”

 बाबा चिडून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की हा शब्दांचा प्रश्न आहे, आणि घरात शब्दांची जाणकार मी आहे. मी ‘काढा’ म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. मग पुढे आयुष्यभर, ते गप्प बसलेले दिसतील तेव्हा तेव्हा, ते मी केलेलं असणार होतं. ‘किरणं’ म्हटलं असतं आणि गाठ वाढली असती, तर तेही मीच केलेलं. मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मला ते जिवंत हवे होते. पण तो गळा त्यांचा होता.

“बाबा, मला अर्थ सांगता येतात,” मी म्हटलं. “ही जागा मला भरता येणार नाही. तुमचा शब्द आहे तो. मी मोकळी सोडतेय.”

“मग शिकवलंस कशाला एवढं?” बाबांचा आवाज चिरकला. “वेळ आली की सगळे हात वर करा!”

“काढा,” आई म्हणाली.

आम्ही सगळेच वळलो. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

“काय?” बाबा म्हणाले.

“डॉक्टर, तुम्ही पूर्ण काढा.”

डॉक्टर बाई हळू म्हणाल्या, “ताई, यांचं बोलणं जाईल. तुमच्या लक्षात आलंय ना?”

“आलंय. इंग्रजी येत नाही मला. पण ही दोघं टेबलावर शेपटं घोकत होती तेव्हा मी मागेच उभी होते. माझे कान काही बंद नव्हते.” मग ती बाबांकडे वळली.  “अहो, हिला कशाला विचारता? ती पोर आहे. मला विचारा ना. एकदा तरी मला विचारा. तुम्हाला आवाज हवाय, मला तुम्ही हवे आहात. आवाज ठेवून तुम्ही गेलात तर मी त्या आवाजाचं काय करू? इतकी वर्षं तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता मी बोलेन, तुम्ही ऐका. तुम्हाला नाही जमायचं असं वाटतंय, पण जमतं. मला जमलंच ना.”

 बाबा आईकडे असे बघत होते, की ही बाई कोण, कुठून आली. मग त्यांनी डॉक्टरांकडे हात पुढे केला.

“कुठे सही करायची?” ते म्हणाले.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. सकाळी बाबांना आत नेताना दादा, वहिनी, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होतो. आता ते काहीतरी बोलतील, जपून ठेवण्यासारखं, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते फार अवघडले. मला जवळ बोलावून म्हणाले, “तू त्या दिवशी म्हणालीस ते खरं होतं.” मी “नाही हो बाबा” म्हणायला लागले, तर म्हणाले, “मध्ये बोलू नकोस.” आणि गाडी आत गेली. मध्ये बोलू नकोस, हे मी त्यांच्या आवाजातलं ऐकलेलं शेवटचं वाक्य. मला तेच हवं होतं असं मी म्हणणार नाही, पण दुसरं कुठलं त्यांना शोभलंही नसतं.

गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या. दादा तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

काही दिवसांनी बाबांना साध्या वॉर्डात आणलं. गळ्याला पट्ट्या, पुढे नळी, नाकातून अन्नाची दुसरी नळी. नर्सने त्यांना एक लहान पांढरी पाटी आणि पेन दिलं होतं. पाटीवर बाबांनी आपला जुना कारभार लगेच सुरू केला. ‘उशी!’ ‘पंखा कमी!’ ‘चष्मा!’ एकेक शब्द, मागे उद्गारचिन्ह. नर्स म्हणाली, “काका लिहितानाही ओरडतात.” पण आम्ही कोणी बघत नाही असं त्यांना वाटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ओठ हलायचे, त्यातून काही यायचं नाही, आणि मग ते भिंतीकडे तोंड करायचे. ते पाहून मलाच अपराधी वाटायचं. ‘काढा’ मी म्हटलं नव्हतं, तरीही.

त्या दुपारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेले. आई पलंगाजवळच्या स्टुलावर बसून फळ चिरत होती. बाबांना ते खाता येणार नव्हतं, पण हात रिकामे ठेवणं तिला येत नाही. बाबा भिंतीकडे वळलेले होते. मी खिडकीपाशी उभी राहिले.

“मी बोलणार होते ना,” आई म्हणाली. “मग बोलते.”

तिने चिरलेल्या फोडी वाटीत टाकल्या.

आधी ती काहीबाही बोलली. शिंपीकाका विचारून गेले, नळ गळतोय, वहिनीने माळा आवरला. कोणी मध्ये तोडत नाही याची तिला सवय नव्हती, त्यामुळे दर वाक्यानंतर ती थांबून वाट बघायची. मग हळूहळू थांबणं कमी झालं.

“ही त्या दिवशी तुम्हाला बोलली,” आई म्हणाली, “की आवाज घरी कधी आणला नाहीत. मी तेव्हा काही म्हटलं नाही. पण मी माझा वाटा घेतलाय हो. तुम्ही सकाळी चिडचिड करून गेलात ना, की मी मुलं शाळेत गेल्यावर स्टँडवर यायचे. बसायचे बाकावर. कुठे जायचं नसायचं. तुम्ही सांगत असायचात, अमुक फलाट, तमुक गाडी, सामान सांभाळा, लहान मुलांचा हात सोडू नका. इतकं गोड सांगायचात. मी डोळे मिटून ऐकायचे, म्हणायचे, मलाच सांगताहेत. मन शांत झालं की उठून घरी यायचे, कुकर लावायचे. मग संध्याकाळी तुम्ही येऊन काहीही बोलला असतात तरी मला चालायचं.” तिने सुरी खाली ठेवली. “पुष्कळ ऐकलंय मी. मला पुरेल.”

बाबा वळले. नळीमुळे त्यांना वेळ लागला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी पाटी ओढली, आधीचं ‘पंखा कमी!’ तळहाताने पुसून टाकलं आणि लिहिलं. पेन मध्येच थांबलं, पुन्हा चाललं. मग त्यांनी पाटी आईसमोर धरली. मला तिरकं दिसत होतं, तरी वाचता आलं. उद्गारचिन्ह नव्हतं.

‘कुठल्या बाकावर?’

“तुमच्या काचेसमोरच्या,” आई म्हणाली. “पण तुम्ही वर बघायचात कुठे.”

बाबांनी पाटी बाजूला ठेवली, पाय आत ओढून घेतले आणि पलंगाच्या कडेवर हाताने थोपटून तिला बसायला जागा दाखवली.